चेकची नोटीस लगेच पाठवा, पाटल्या घरीच राहू द्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र 6 जुलैला हाती पडलं. वय 61, साखर कारखान्यातून निवृत्त. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"निवृत्तीचे सगळे मिळून 21 लाख आले. त्यातले 9 लाख ओळखीच्या एका व्यापाऱ्याला महिना अडीच टक्क्यांनी दिले. 7 लाख बँकेतून, 2 लाख रोख. नऊ महिने व्याज वेळेवर आलं, मग थांबलं. मुद्दल मागितल्यावर त्याने 10 एप्रिल तारखेचा 9 लाखांचा चेक दिला. थोडं थांबा म्हणाला, म्हणून जूनमध्ये टाकला. 17 जूनला 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' म्हणून परत आला. आता तो म्हणतो, 20 जुलैला पुन्हा टाका, नक्की वटेल. गावातल्या दहा-बारा जणांचे पैसे त्याच्याकडे आहेत, माणूस पळून जाणारा नाही. थांबू की केस करू? ऑगस्टमध्ये विम्याचा 2 लाखांचा हप्ता आहे. चेकचे पैसे येईपर्यंत हिच्या पाटल्यांवर सोनेतारण काढून तो भरतो. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही."

काका, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्याला मुदत आहे.

20 जुलैपर्यंत अजिबात थांबू नका. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून 3 महिने असते. 10 एप्रिलचा चेक 10 जुलैच्या आसपास संपतो, त्यानंतर बँक तो घेणारच नाही. दुसरी मुदत नोटिशीची. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. तुमचे ते 30 दिवस 17 जुलैला पुरे होतात. म्हणजे 20 तारीख उजाडेल तेव्हा चेकही गेलेला आणि नोटिशीची मुदतही गेलेली. त्याने ही तारीख हिशेब करून दिली की सहज, मला माहीत नाही. तुमचं नुकसान दोन्हीत सारखंच. दिवाणी दावा लावायला त्यानंतरही मुदत राहते, पण ज्याची त्याला खरी धास्ती असते तो चेक न वटल्याबद्दलचा, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 चा फौजदारी मार्ग हातून जातो.

तेव्हा उद्याच तालुक्याच्या वकिलाकडे जा. सोबत मूळ चेक, बँकेचा रिटर्न मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी), 7 लाख पाठवल्याचा खातेउतारा, आणि 2 लाख रोख दिल्याची वहीवर वा चिठ्ठीवर त्याची सही असेल तर तीही न्या. नोटीस पूर्ण 9 लाखांची, स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी. ती मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात. त्या दिवसांत दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असताना चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम तुम्हाला द्यायला न्यायालय सांगू शकतं. तुमच्या बाबतीत ती 1 लाख 80 हजारांपर्यंत. मिळेलच असं धरून चालू नका.

नोटीस गेली की तो घरी येईल. नवीन चेक देतो, जुना परत द्या, असं म्हणेल. मूळ चेक आणि मेमो हातचे सोडू नका. थोडे पैसे दिले तर घ्या, पण ते नोटिशीतल्या रकमेपोटी आल्याचं लिहून घ्या.

आणि ते दहा-बारा जण. तुम्हाला त्यांचा आधार वाटतो, मला त्यांचीच काळजी वाटते. महिना अडीच म्हणजे वर्षाला 30 टक्के. धंदा धड चालणाऱ्या माणसाला बँक 11-12 टक्क्यांनी कर्ज देते; तो तुमच्याकडून 30 टक्क्यांनी का घेईल? बँक दारात उभं करत नाही म्हणून. तुम्हाला नऊ महिन्यांत 2 लाख 2 हजार 500 आले, ते बहुधा तुमच्यानंतर आलेल्या कुणाच्या तरी मुद्दलातले होते. इतक्या जणांकडून परताव्याचं आश्वासन देऊन पैसे घेतले असतील तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आणि अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा लागू होऊ शकतो. त्यांत मालमत्ता जप्तीची सोय आहे. बाकीच्यांना गोळा करा, मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. आणि तुमच्या शब्दावर कुणी पैसे दिले असतील तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

एवढं झालं की चेकचा विषय बाजूला ठेवा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्या पाटल्यांच्या एका वाक्यामुळे.

पत्रासोबत तुम्ही विम्याच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवलाय. वर्षाला 2 लाख, 10 वर्षं भरायचे, 15 व्या वर्षाअखेर सुमारे 34 लाख. बँकेतल्या माणसाने "20 चे 34, एफडीपेक्षा भारी" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. मी आकडे मांडले. हा परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात सध्या 8.2 टक्के देते आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. तुम्हाला महिन्याला पैसा हवा होता, त्याने तुम्हाला 75 व्या वर्षी मिळणारा पैसा विकला. तुमची पेन्शन महिना 2,900. वर्षाची 34,800. एवढ्या उत्पन्नाच्या निवृत्त माणसाकडून वर्षाला 2 लाखांच्या हप्त्यावर सही घेणं हे चुकून होत नाही. मला याचा खरोखर राग येतो, कारण अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि जवळपास प्रत्येकात माणूस नुकता निवृत्त झालेला असतो.

आता तुम्ही काय करायला निघालात ते पाहा. सोनेतारण 11 टक्क्यांनी धरलं तर 2 लाखांवर वर्षाचं व्याज 22 हजार. ते 11 टक्के भरून तुम्ही 5 टक्के मिळवणार. पुढच्या ऑगस्टला पुन्हा 2 लाख, त्याच्या पुढच्याला पुन्हा. एकूण 9 हप्ते, 18 लाख बाकी आहेत. पाटल्या एकदाच गहाण पडतील, हप्ता नऊ वेळा येणार आहे. चेकचे 9 लाख उद्या संपूर्ण मिळाले तरी ते साडेचार वर्षांत या पॉलिसीतच जातील, आणि त्या काळात घर कशावर चालेल?

म्हणून हा हप्ता भरू नका. भरलेले 2 लाख जातील ही भीती मला समजते. सगळे गेले असं धरलं तरी नुकसान 2 लाखांवर थांबतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्या पॉलिसीलाही पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्याची, काही रक्कम मिळते. तुमची पॉलिसी गेल्या ऑगस्टमधली, म्हणजे तुम्हाला हा नियम लागू आहे. किती मिळेल ते कंपनीकडून लेखी मागा. तोंडी आकडा ऐकून घेऊ नका, आणि "अजून एकच हप्ता भरा, मग सगळे मिळतील" हे तर अजिबात ऐकू नका.

आता उरलेल्या पैशांकडे. 21 मधले 9 व्यापाऱ्याकडे, 2 विम्यात, 4 घराच्या स्लॅबला, आणि 6 गावच्या पतसंस्थेत 10 टक्क्यांनी. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आज तुमच्या हातात म्हणावा असा पैसा हाच आहे, तो तिथे नको. थोडं व्याज सोडावं लागलं तरी सोडा. 5 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, 1 लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आजारपणासाठी ठेवा.

त्यातून काय निघतं? 5 लाखांवर वर्षाला 41 हजार, महिन्याला सुमारे 3,400. पेन्शन 2,900. दुधाचे तुम्ही 4 हजार लिहिलेत. एकूण 10,300. घरखर्च 16 हजार. महिन्याला साडेपाच-सहा हजार कमी पडतात. नऊ महिने हा खड्डा व्यापाऱ्याच्या महिना 22,500 नी झाकला होता, म्हणून तो दिसला नाही. चेकचे अर्धे पैसे जरी परत आले आणि तेही पोस्टात गेले, तरी महिन्याला आणखी तीन हजार. मी यापेक्षा बरा आकडा तुम्हाला दाखवू शकत नाही.

उरलेलं मुलाशी बोलूनच भागणार आहे. तो पुण्यात नोकरीला आहे, त्याच्यावर भार नको म्हणून तुम्ही गप्प आहात. पण सोनाराकडे आईच्या पाटल्या गेल्याचं त्याला दिवाळीत कळलं तर त्याला जास्त लागेल. आज त्याच्याकडे मागायची मदत महिन्याला 5-6 हजारांची आहे. दोन वर्षांनी ती कित्येक लाखांची झालेली असेल. या रविवारी त्याला बोलावून घ्या, काकूंनाही सोबत बसवा आणि हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा.

तो आला की त्याच्याकडून एक काम करून घ्या. पॉलिसीच्या कागदांत तुमच्या सहीच्या प्रस्ताव अर्जाची प्रत असेल. त्यात वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात किती लिहिलंय ते पाहा. तुम्ही सांगितलेल्यापेक्षा मोठा आकडा कुणी परस्पर भरला असेल, तर फसवून विकल्याचा तो तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांच्या (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात जायचं, तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्या पानाचा फोटो मला पाठवा, तक्रारीचा मजकूर मी लिहून देतो.