जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, गिअर बदलताना धक्का बसतो. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच लागेल का?

भाऊ, इतक्यात उतरवू देऊ नका. आधी गाडीत कुठलं ऑटोमॅटिक आहे ते बघा. एएमटी असेल तर आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअरचं काम फक्त यंत्रणा करते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान जराशी हलणारच. धक्का अलीकडे वाढला असेल तर क्लच प्लेट तपासा. आधीच्या मालकाने प्लेट बदलली असेल, तर नंतर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या प्लेटशी जुळवणी, केलं होतं का तेही विचारा. ते राहून गेलं की नवी प्लेटही धक्के देते.

टॉर्क कन्व्हर्टर (साध्या क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनची ताकद पुढे देणारं ऑटोमॅटिक) असेल तर पहिलं गिअरबॉक्सचं ऑइल बघा. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्यात घाट आणि ट्रॅफिक, ऑइल लवकर खराब होतं. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. काळपट दिसलं, करपल्याचा वास आला, तर आतल्या प्लेट घासल्या जात असतील. लेव्हल मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच बघा आणि ऑइलही त्यात लिहिलेलंच घाला. ‘कुठलंही चालतं’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

माझं सांगतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना माझी गाडी झटके द्यायची. एका गॅरेजने गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं, मी आठ दिवस झोपलो नाही. मग एकदा मित्राला गाडी चालवायला दिली आणि मी बाजूला बसून नुसता आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा बघितला. गिअर बदलतच नव्हता, तरी चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटका! दोष इंजिनात होता. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बिघडून मिसफायर होत होता, म्हणजे मधेच इंधन पेटत नव्हतं. कॉइल बदलली, झटके थांबले.

आणि गाडी उभी असताना पी मधून डी किंवा आर टाकल्यावर ‘धाड’ होत असेल, तर इंजिन माउंटिंगचं (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराचं) रबर फाटलंय का ते आधी बघा.

स्कॅनरवर नुसता पी०७०० हा कोड आला म्हणून गिअरबॉक्स गेला असं होत नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी दोष नोंदवलाय, एवढंच तो कोड सांगतो. नेमका दोष सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतो, तो लिहून घ्या.

धक्का थंड गाडीत बसतो की तापल्यावर, आणि कितव्या गिअरला, ते मॉडेलसकट कळवा. पुढचं मग नीट सांगता येईल.