किती इंच ते नंतर, आधी किती किलो ते सांगा

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर अर्ध्याहून जास्त मागच्या पाट्यांवरच (गाडी तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) निघाली. पावसाळा जवळ आला की सगळ्यांना गाडी उचलायची, म्हणजे लिफ्ट करून उंच करायची असते, हे दरवर्षीचंच आहे. म्हणून यावेळी टायर आणि विंचवाली पत्रं बाजूला ठेवली, ती पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : दादा, माझ्याकडे २००९ ची जिप्सी आहे, हार्डटॉप. भोर, वेल्हे, रायरेश्वर साइडला महिन्यातून दोनदा तरी जातो. मागे लोखंडी बंपर बसवलाय, दोन जेरीकॅन, टूलबॉक्स आणि आम्ही चौघं. गाडी मागून बसल्यासारखी दिसते आणि खड्ड्यात धाडकन आपटते. २ इंच लिफ्ट करायचीय. एक गॅरेजवाला म्हणतो लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी कडी) टाका, दुसरा म्हणतो ब्लॉक (पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधला ठोकळा) टाका, तिसरा म्हणतो एक पाटा वाढवा, आणि ग्रुपवर सगळे म्हणतात पाटे अ‍ॅक्सलच्या वर घे एकदाच. नक्की काय करू? – एक वाचक, भोर

उत्तर : चौघांपैकी एकानेही तुम्हाला विचारलं नाही की गाडी मागे किती किलो आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे. तुम्ही म्हणता मागून बसलीय. म्हणजे तुम्हाला लिफ्ट नकोय हो, आधी जे गेलंय ते परत हवंय.

तर पहिलं काम, गाडी पूर्ण भरा, जेरीकॅन भरलेले, माणसं बसलेली, आणि जवळच्या वजनकाट्यावर न्या, साखर कारखान्याचा असो नाहीतर खडी क्रशरचा. आधी सगळी गाडी काट्यावर घ्या, मग फक्त मागची दोन चाकं काट्यावर आणि पुढची बाहेर, असं एकदा. काटेवाला विचित्र बघेल, बघू दे. त्या दोन आकड्यांवरून पाटे बनवणाऱ्याला जे कळतं ते "दादा २ इंच करून द्या" म्हणून कधीच कळणार नाही. मग घरी येऊन सपाट फरशीवर मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, डावं उजवं दोन्ही, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी. डाव्या उजव्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर एका बाजूचा पाटा थकलाय किंवा आत एखादा तुटलाय. मधला पाटा तुटलेला वरून दिसत नाही, टोकाला बोट फिरवलं की कळतं.

आता तुमचे पर्याय. ब्लॉकचं आधी सांगतो कारण ते वाचून मला हसू आलं. जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात, पुढे पण आणि मागे पण. अ‍ॅक्सल पाट्यावर बसलेला असतो. तिथे मधे ब्लॉक घातला तर पाटा अजून खाली जाणार आणि पाट्यासोबत गाडीही खाली जाणार. म्हणजे पैसे देऊन गाडी उचलायला गेलात आणि बसवून आणलीत! ब्लॉक चालतो तो जिथे पाटा अ‍ॅक्सलच्या वर असतो तिथे, म्हणजे हायलक्स, व्ही-क्रॉस वगैरे पिकअप. ज्याने सांगितलं त्याने गाडीखाली वाकून बघितलं नसणार.

लांब शॅकल : यात हिशोब निम्मा. शॅकल २ इंच लांब केलं तर गाडी साधारण १ इंच उठते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. २ इंचांसाठी ४ इंच लांब शॅकल लागेल, ते इतकं लुळं होतं की वळणावर मागचा भाग आडवा हलतो. शिवाय मागच्या टोकाला शॅकल असल्यामुळे अ‍ॅक्सल फिरतो आणि पिनियन, म्हणजे त्याचं शाफ्टकडचं तोंड, वर बघायला लागतं, मग प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) घरघर करतो. पाऊण-एक इंचापर्यंत ठीक, पण थकलेल्या पाट्याला लांब शॅकल म्हणजे वाकलेल्या म्हाताऱ्याला उंच चपला.

पाटा वाढवणं : स्वस्त आहे, एका दुपारचं काम आहे आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. कारण पाट्याची जाडी. रुंदी वाढली किंवा पाट्यांची संख्या वाढली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो, पण जाडीचा हिशोब घनाने चालतो. दोन सुताच्या पाट्याच्या जागी अडीच सुताचा घातला तर तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक, तीन सुताचा घातला तर तिपटीच्याही वर. म्हणून जो दुकानदार कुठल्यातरी टेम्पोचा जाड आखूड पाटा उचलून "हा टाकू, मस्त उठेल" म्हणतो तिथून निघा. उठेल हो, पण रिकाम्या गाडीत मणका मोजून घ्याल, आणि तो आखूड पाटा जिथे संपतो तिथेच वरचा मेन पाटा वाकून वाकून एक दिवस तुटणार. वाढवायचाच असेल तर मूळ पाट्यांच्याच जाडीचा, आणि लांबीला दुसऱ्या पाट्याच्या खालोखालचा घ्या, म्हणजे भार पसरतो.

ठोकून कमान देणं हा अजून एक प्रकार, तुम्ही विचारला नाहीत पण कोणीतरी सांगेलच. गार पाटा घणाने ठोकून वाकवला की दिसायला छान कमान येते आणि काही महिन्यांत बसते. नीट करायचं तर पाटा भट्टीत लाल करून, कमान देऊन, तेलात विझवून, परत ठरावीक गरमीवर टेंपर करावा लागतो. हे करणारी चांगली माणसं आहेत, ट्रकवाले जिथे जातात तिथे विचारा. पण २००९ चे पाटे असतील तर त्यांचं आयुष्य बहुतेक खर्च झालंय, त्यावर अजून पैसे घालू नका.

पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेणं : साधारण ५ इंच उठते. पाट्याखालची यू-बोल्टची (पाटा अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या बोल्टची) प्लेट जी आत्ता दगडावर पहिली घासते तीसुद्धा वर जाते, त्यामुळे मोह होतो हे मला कळतं. पण नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात, पुढे स्टिअरिंगचे रॉड बदलावे लागतात, शाफ्ट, ब्रेकचे पाइप, सगळं बघावं लागतं, आणि जिप्सी मुळातच अरुंद आणि उंच. भोरच्या घाटात घरच्या माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीला मी हे करणार नाही. स्पर्धेची गाडी वेगळी.

राहिला नवीन पूर्ण सेट, आणि मी तुम्हाला तोच सांगतो. वजनाचे दोन्ही आकडे हातात घेऊन बनवून घ्या, पातळ पाटे जास्त असा, जाड पाटे कमी असा नाही, स्प्रिंग स्टील ईएन-४५ किंवा त्याच तोडीचं, पाट्यांच्या टोकांना नायलॉनचे तुकडे. भरलेल्या गाडीत दीड इंच वर येईल असं मागा, २ नको. जास्त कमान दिली की पाट्याचे दोन डोळे (टोकाच्या गोल कड्या) जवळ येतात, शॅकल पुढे ओढलं जातं आणि त्याला झुलायला जागाच उरत नाही. गाडी उंच दिसते पण पाटा काम करत नाही. खरं तर नुसते मूळ मापाचे ताजे पाटे बसवले तरी तुमचा एक इंच आपोआप परत येईल, बघा.

बसवल्यावर जॅक चॅसिसला लावा आणि मागचा अ‍ॅक्सल मोकळा लटकू द्या. मग खाली झोपून दोन गोष्टी बघा. ब्रेकचा रबरी पाइप ताणलाय का, आणि अ‍ॅक्सल शॉकअपवर लटकतोय का. शॉकअप आधी संपत असेल तर लांब शॉकअप लागतील, नाहीतर त्याचा डोळा उपटून येतो.

आणि यू-बोल्ट नवीनच. हे मी ठासून सांगतो कारण माझ्याच जिप्सीला एकदा पाटे बदलताना मीच म्हटलं होतं, जुनेच लाव रे, चांगले दिसतायत. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, परत तसा पकडत नाही. वरंधा घाट उतरताना खाली कुठेतरी टकटक वाजायला लागलं, मी म्हटलं टूलबॉक्स असेल. थोडं पुढे गेल्यावर मागून येणारा मित्र हॉर्न वाजवत पुढे आला आणि म्हणाला अरे तुझी गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललीय. एका बाजूचा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) कापला गेला होता आणि अ‍ॅक्सल बोटभर मागे सरकलेला. ट्रकच्या माणसाकडून पट्टा घेऊन बांधलं आणि पहिल्या गियरमध्ये महाडपर्यंत आलो, कसे ते विचारू नका. तर नवीन यू-बोल्ट, आणि २००-३०० किलोमीटरनंतर परत एकदा आवळायचे, विसरायचं नाही.

प्रश्न : लिफ्ट केली की डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) दगडाला लागणार नाही ना? आणि आरटीओ काही म्हणेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लागेल, आधी लागत होता तितकाच. पाटा बदलून बॉडी उठते, अ‍ॅक्सल जागच्या जागी राहतो. डिफरन्शियल उठतो फक्त टायर मोठा झाला की. जिप्सीचा २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ घातला तर टायरची उंची साडेतीन सेंटिमीटर वाढते, म्हणजे डिफरन्शियलखाली पावणेदोन. लिफ्टचा उपयोग त्या टायरला मडगार्डमध्ये जागा करायला आणि पुढचा-मागचा कोन (चढ-उताराला बंपर न घासता जायचा) वाढवायला. मोठ्या टायरने स्पीडोमीटर पाचेक टक्के कमी दाखवेल आणि चढाला गाडी जड वाटेल, ते धरून चला.

आरटीओचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका केसमध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालणार नाही. थकलेले पाटे बदलणं ही दुरुस्ती आहे, ५ इंच उचलणं हा बदल आहे. पकडलं नाही तरी अपघातानंतर इन्शुरन्सवाला गाडीखाली टॉर्च मारतो.

प्रश्न : ताडोब्याला सफारीची जिप्सी चालवतो. सहा पर्यटक, गाइड आणि मी. मागे एक पाटा वाढवला तेव्हापासून कुरकुर आवाज येतो, पर्यटक तक्रार करतात, जनावर पण बिचकतं. – एक वाचक, मोहर्ली

उत्तर : पाटा वाढवणं तुमच्या बाबतीत बरोबरच होतं, रोज आठ माणसांचं ओझं आहे. आवाज बहुतेक बुशचा, म्हणजे डोळ्यातल्या रबराचा. मिस्त्रीने गाडी जॅकवर असताना शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट फुल आवळले असणार. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं. बोल्ट सैल करा, चाकं जमिनीवर, दोन-चार माणसं मागे बसवा, गाडी हलवून घ्या आणि मग आवळा. फुकटचं काम आहे. तरी वाजलं तर पाट्यांच्या टोकांत नायलॉन घाला.

प्रश्न : मी पर्थला असतो, हायलक्स आहे. इथे मागचे पाटे "कायमचं ३०० किलो", "कायमचं ५०० किलो" असे मिळतात. कधीतरी कॅम्पिंगला ५०० होतं, बाकी गाडी रिकामीच. मोठा घेऊन ठेवू का, की ब्लॉक बरा? – एक वाचक, ऑस्ट्रेलिया

उत्तर : "कायमचं" या शब्दावर जा. रोज जे वजन मागे असतं ते धरा, वर्षातून चार वेळा असतं ते नाही. ५०० चा पाटा घेऊन रिकामी फिरलात तर ओल्या रस्त्यावर मागचं टोक उडेल. हलका पाटा घ्या आणि कॅम्पिंगपुरता हवेच्या फुग्याचा आधार, तोही जपून, कारण फुगा सगळं वजन चॅसिसच्या एकाच जागी देतो.

तुमच्या गाडीत ब्लॉक चालतो, पण एकच, ओतीव किंवा स्टीलचा, एकावर एक नाही. ब्लॉक जितका उंच तितका अ‍ॅक्सल जोर देताना पाट्याला पिळतो. पिनियनचा कोन बिघडला तर स्टीलची पाचर मिळते. आणि मागच्या अ‍ॅक्सलला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्हचा (मागच्या वजनाप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या) दांडा असेल तर तो नव्या उंचीला सेट करून घ्या, नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो. जाड पाट्याने कागदावरची वजनाची मर्यादा वाढत नाही, हे इथे आणि तिथे सारखंच.

प्रश्न : पावसाळ्याआधी पाट्यांना जळकं ऑइल मारतो, वडिलांपासूनची सवय. बरोबर आहे का? – एक वाचक, कणकवली

उत्तर : कोकणातल्या गंजाला काहीतरी मारायलाच हवं, पण जळकं ऑइल रबरी बुशला फुगवतं आणि धूळ धरून ठेवतं. पाटे धुऊन, सुकवून, ग्रॅफाइट ग्रीस हलक्या हाताने लावा. ऑइलच मारायचं तर बुशवर फडकं गुंडाळा आणि ब्रेक ड्रमकडे एक थेंब जाऊ देऊ नका.