मुलाला फक्त तालचेच डाव आवडतात. विश्वविजेत्यांचे डाव कोणत्या क्रमाने दाखवावेत?

मुलगा बारा वर्षांचा, सोलापुरात शाळेच्या आणि जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धा खेळतो. मोबाईलवर माजी विश्वविजेत्या मिखाईल तालचे डाव बघतो, मग प्रत्येक डावात घोडा नाहीतर उंट फेकून देतो आणि दहापैकी सात डाव हरतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याने कोणत्या विश्वविजेत्याची शैली उचलावी, हा तुमचा प्रश्न.

शैली बघून विश्वविजेता निवडू नका. ‘आक्रमक’, ‘बचावात्मक’ हे शब्द मथळ्यापुरते ठीक आहेत. ताल आक्रमक खराच, पण १९७३-७४ मध्ये तो सलग ९५ डाव हरला नव्हता. नुसती मोहरी फेकून हे जमत नाही. पेट्रोशियान या दुसऱ्या विश्वविजेत्याला सगळे भिंत म्हणतात, पण १९५३ ला झुरिचमध्ये रेशेव्हस्कीविरुद्ध त्याने आपला हत्ती ई६ वर (ई ही उभी ओळ, ६ ही आडवी) नेऊन ठेवला, समोरच्या उंटाने खुशाल खावा म्हणून. बदल्यात त्याच्या घोड्याला डी५ हे पक्कं घर मिळालं आणि अडचणीतला डाव बरोबरीत सुटला. बलिदानच ते, फक्त राजावर धावून न जाता केलेलं.

मुलाला आधी कापाब्लांका दाखवा. क्यूबाचा हा खेळाडू १९२१ मध्ये तेव्हाच्या विजेत्या लास्करला एकही डाव न हरता हरवून विजेता झाला आणि १९२७ पर्यंत राहिला. त्याच्या बऱ्याच डावांत मोहरी पटकन कमी होतात आणि पुढची योजना एका वाक्यात सांगता येते. मुलाला ‘आता पांढऱ्याला काय हवंय?’ असं विचारलं की त्याला उत्तर देता आलं पाहिजे. तालच्या डावात ते मोठ्यांनाही येत नाही.

पहिला डाव घ्या कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४. पस्तिसाव्या खेळीला थांबा. दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी. पांढऱ्याचा हत्ती एच७ वर, म्हणजे सातव्या आडव्या ओळीत, आणि काळ्याचा राजा मागच्या ओळीत कोंडलेला. पांढऱ्याची प्यादी धोक्यात आहेत. मुलगा हमखास ती वाचवायला जाईल. कापाब्लांका राजा जी३ वर नेतो. काळा सी३ चं प्यादं खातो, तेही शह देऊन. राजा एच४ वर. काळ्याचा हत्ती एफ३ वर येतो, पांढरा जी६ वर प्यादं ढकलतो, काळा एफ४ चं प्यादंही शहासकट खातो. राजा जी५ वर, तिथून एफ६ वर. दोन प्यादी गेली, पण आता एच८ वर हत्तीची मात होते.

इथे एक बारीक गोष्ट मुलाच्या नजरेतून हटकून सुटते. राजाला काळ्याचं एफ५ चं प्यादं खाता येत होतं, तरी खाल्लं नाही. का? त्याच प्याद्याच्या आडोशाला राजा उभा आहे. ते नसतं तर काळ्याच्या हत्तीला उभ्या ओळीतून शह देत बसता आलं असतं. हे मुलाने स्वतः शोधून सांगेपर्यंत पुढे जाऊ नका, मग दोन दिवस लागले तरी चालेल.

डाव बघायची पद्धत: लाकडी किंवा रेक्झिनचा पट मांडा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पुस्तकातल्या किंवा छापून घेतलेल्या खेळ्या कागदाने झाका. पहिल्या दहा-बारा खेळ्या भराभर, त्यानंतर विजेत्याच्या प्रत्येक खेळीआधी मुलाने आपली खेळी वहीत लिहायची, मग कागद खाली सरकवायचा. एका डावाला पाऊण तास, आठवड्याला दोन डाव. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच तसंही इथे कुणी मुलाला उन्हात सोडत नाही, तीच वेळ घ्या. गडबड होते ती संगणकाचं इंजिन, म्हणजे कोण किती पुढे हे आकड्यात दाखवणारा प्रोग्रॅम, शेजारी चालू ठेवल्याने. आकडा दिसला की मूल विचार करणं सोडतं आणि ‘हे तर अर्धं प्यादं खाली आहे’ असं कापाब्लांकाबद्दल म्हणू लागतं. इंजिन डाव संपल्यावर, वहीतल्या चुका तपासायला.

(उभ्या-आडव्या ओळींत गोंधळणाऱ्या लहान मुलांना आपल्या गावात सोपं आहे: ताणा उभा, बाणा आडवा. कापड विणायच्या मागावर बघितलेलं असतं.)

दहाएक डाव झाले की कार्पोव्ह, हाही विश्वविजेता. १९७४ चा नीस ऑलिम्पियाडमधला उन्झिकरविरुद्धचा डाव काढा. ए उभी ओळ उघडी, दोघांचे हत्ती तिच्यावर टपलेले. कार्पोव्ह उंट ए७ वर, शत्रूच्या घरात नेऊन ओळ बुजवतो. काळ्याला हत्तींची अदलाबदल करता येत नाही, आणि पांढरा त्या उंटाआड निवांत दोन हत्ती एकामागे एक लावतो. अशा खेळीत मारामारी काहीच नसते, म्हणून बारा वर्षांच्या मुलाला ती कंटाळवाणी वाटेल. तरी दाखवा.

ताल तिसरा. १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला, तेव्हाच्या विजेत्या बॉटविनिकविरुद्धचा सहावा डाव, एकविसाव्या खेळीला काळ्याचा घोडा एफ४ वर. प्रेक्षकांचा एवढा गलका झाला की डाव आतल्या खोलीत न्यावा लागला. बलिदान अचूक नव्हतं, हे नंतरच्या विश्लेषणात दिसलं. पण मुलाने बघायचं ते आधीच्या वीस खेळ्यांत: घोडा देण्याआधी तालची बाकी मोहरी कुठे पोचली होती? आणि त्याच्या स्वतःच्या डावांसाठी नियम लावा: मोहरं देण्याआधी, दोन खेळ्यांत समोरच्याच्या राजापर्यंत पोचतील अशी आपली मोहरी मोजायची, मग राखणारी मोजायची. आपली किमान एकाने जास्त नसतील तर हात पटावरून मागे. तुम्ही सांगितलेल्या पराभवांत बहुतेक वेळा एकटा वजीर आणि एक घोडा धावून गेलेले असणार, हत्ती अजून कोपऱ्यात.

पुढच्याच वर्षी बॉटविनिकने परतीचा सामना १३-८ ने जिंकला. तालला मोकळी, गुंतागुंतीची स्थिती मिळू द्यायची नाही, लवकर मोहरी बदलून एंडगेमकडे, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या शेवटच्या टप्प्याकडे न्यायचं, अशी तयारी करून तो आला होता. हे दोन सामने लागोपाठ दाखवलेत तर मुलाला ताल कधी चालत नाही, तेही कळेल.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्टाइनिट्झ (१८८६ पासून) आणि २७ वर्षं विजेता राहिलेला लास्कर नंतर वाचले तरी चालतील. अलेखाइन, कास्पारोव्ह यांचे डाव सुंदर, पण ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्यांची, जाण नसताना निम्मे डोक्यावरून जातात. फिशरचा १९७२ च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव जरूर. क्रामनिकने २००० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात बर्लिन बचाव या ओपनिंगने कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही, पण आठव्या खेळीला वजीर बदलून किल्लेकोट गमावलेल्या राजाने खेळणं आत्ता शिकवू नका. आनंदचा आरोनियनविरुद्धचा डाव (नेदरलँड्समधली वाइक आन झे स्पर्धा, २०१३) तालच्या चाहत्याला बक्षीस म्हणून राखून ठेवा. काळी मोहरी घेऊन केलेला हल्ला आहे, आणि त्यात वरची मोजणी करून बघता येते.

गुकेश तर त्याला माहीतच असेल. २०२४ ला सिंगापूरमध्ये विश्वविजेतेपदाच्या सामन्याच्या चौदाव्या डावात तेव्हाच्या विजेत्या डिंगने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती एफ२ वर नेला. हत्ती बदलले गेले, लगेच गुकेशने उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट कोपऱ्यात अडकला होता, त्यामुळे तोही बदलावा लागला. उरली फक्त राजे आणि प्यादी, गुकेशचं एक प्यादं जास्त. ती शेवटची स्थिती पटावर मांडा आणि मुलाला काळ्याकडून तुमच्याविरुद्ध जिंकून दाखवायला सांगा. पहिल्या दोन-तीन वेळा बरोबरीच होईल.