काढून पाजलेलं दूधही तुझंच

"ताई, माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. पेटीत होती तेव्हा माझं दूध काढून तिला नळीने द्यायचे. आता चार महिन्यांची आहे. रात्री अंगावर पिते, दिवसा मात्र तोंड फिरवते, रडते. मग पंपाने काढलेलं देते, एखाद्या वेळी पावडरचं. जाऊबाईंचं बाळ नुसतं अंगावर पिऊन गुटगुटीत झालंय. सासूबाई म्हणतात, 'वरचं दूध ते वरचंच.' पुढच्या पंधरवड्यात अंबडच्या कंपनीत परत रुजू व्हायचंय. मी आई म्हणून कमी पडतेय का?"
– एक आई, सिडको, नाशिक

नाही गं, अजिबात नाही. वेळेआधी आलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसायला वेळ लागतो. तिला ओढायची ताकद नव्हती तेव्हा तू थेंब थेंब काढून तिच्या पोटात पोचवलंस. याला कमी पडणं म्हणत असतील तर मला ते मुळीच मान्य नाही.

अशाच नाजूक बाळांसाठी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईत, सायनच्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध पाश्चरीकरण करून तिथे बाळांना पाजतात. परक्या बाईचं दूध बाळाला चालतं, मग तुझंच दूध पंपातून आलं म्हणून 'वरचं' कसं?

पहिले सहा महिने आईचं दूध सर्वांत चांगलं, हे खरंच आहे. पण कमी पडेल तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली पावडर द्यायला अपराधी वाटून घेऊ नकोस. फक्त डब्यावरचं माप पाळ, पुरवायला म्हणून पाणी वाढवू नकोस. आणि वर्षाच्या आत पावडरऐवजी गाईचं किंवा म्हशीचं दूध सुरू करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

जाऊबाईंच्या बाळाकडे बघून काही कळणार नाही. तुझी मुलगी दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले करते का, कार्डावर तिचं वजन चढतंय का, एवढं बघ. पंपात किती निघालं यावरही जाऊ नकोस. बाळ ओढतं तेवढं पंपाला निघतंच असं नाही.

आता कामाचं. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तुला रोज दोन जादा सुट्ट्या मिळतात. त्या वेळात दूध काढ. रुजू होण्याआधीच एचआरला लेखी कळव आणि दार लावता येईल अशी खोली माग. संडासात बसून काढायचं नाही, हे ठणकावून सांग. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, नाशिकच्या उन्हाळ्यात तर तेवढंही नको. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, पण दारात नाही, आत मागच्या बाजूला ठेव. थोड्या वेळाने वर पिवळसर साय तरंगेल, खाली पाणचट दिसेल. घरात कुणी 'दूध फाटलं' म्हणून ओतून टाकेल, म्हणून आधीच सांगून ठेव: कोमट पाण्यात बाटली धरून हलकेच फिरवली की एकजीव होतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. रात्रीचं अंगावरचं पाजणं सोडू नकोस, दूध टिकून राहायला त्याची फार मदत होते.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. दिवसा नातीला दूध पाजायचं काम त्यांच्याकडेच दे. बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, त्यांच्या हातात बसलेलं असेल, आणि उकळलेलं बोंडलं बाटलीपेक्षा स्वच्छ ठेवायलाही सोपं. नात त्यांच्या मांडीवर गटागटा प्यायला लागली की 'वरचं' हा शब्द त्यांच्या तोंडी कमी येईल, असा माझा अंदाज आहे.

आणि एक. बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर 'बाळंतपणात होतंच' म्हणून अंगावर काढू नकोस. नवऱ्याला सोबत घे आणि याच आठवड्यात डॉक्टरांना सांग.