भूकच नाही हो मला

"बाबा जेवतच नाहीत. उतारवयात भूक कमी होते, मान्य, पण इतकी?" दादरच्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत हा प्रश्न दर महिन्याला येतो. जानेवारीत तो घेऊन आली लालबागची एक सून. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) सासरे 76 वर्षांचे, सासूबाईंना जाऊन वर्ष झालेलं. मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले: एकटेपणा. आमच्या धंद्याची खोड, दुसरं काय!

मग सोबत आलेल्या सासऱ्यांच्या पट्ट्याकडे लक्ष गेलं. दाभणाने पाडलेली दोन वेडीवाकडी भोकं. "एक गणपतीनंतरचं, एक दिवाळीनंतरचं," ते म्हणाले. डॉक्टरांच्या फायलीत जुलैचं वजन 61 किलो, माझ्या काट्यावर 56. सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे त्यांच्या वजनाच्या हिशेबाने तीन किलो उतरले तरी दुर्लक्ष करायचं नसतं. इथे पाच गेले होते.

'स्नॅक' नावाची चार प्रश्नांची एक चाचणी आहे, 2005 साली अमेरिकेत सेंट लुइसला तयार झालेली. भूक कशी आहे, किती खाल्ल्यावर पोट भरतं, चव कशी लागते, दिवसातून किती वेळा जेवता. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 14 किंवा कमी आली, तर पुढच्या सहा महिन्यांत वजन घटण्याचा धोका. उत्तरं सूनबाईच द्यायला लागल्या, म्हणून त्यांना चहाला पाठवलं.

बेरीज आली 10. पण खरं उत्तर बेरजेत नव्हतं. पोट भरण्याच्या प्रश्नावर ते अडखळले. "तिसरा हिस्सा जेवून उठतो. पण पोट नाही भरत, तोंड थकतं." आणि खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली. सैल झालेली. चावताना टकटक वाजायची, एकदा नातू हसला. नंतर बांगड्याचा काटा कवळीखाली रुतला. तेव्हापासून "भूक नाही". भुकेशी कोण वाद घालणार?

चाचणी धोका दाखवते, कारण सांगत नाही. म्हणून चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, छातीचा एक्स-रे, सगळं ठीक निघालं. मात्र मधुमेहाचं मेटफॉर्मिन मध्यंतरी वाढवलं होतं, त्यानेही भूक मरते. डोस डॉक्टरांनीच बदलला. (घरच्या घरी गोळी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.) उदासीचीही तपासणी केली, दुःख होतं, आजार म्हणण्याइतकं नव्हतं. कवळी दातांच्या डॉक्टरांकडून नीट बसवून घेतली.

घरात एकच बदल सुचवला. मुलगा कामावरून येईपर्यंत साडेनऊ व्हायचे आणि बाबांचं ताट तोवर थांबायचं; चाळीत त्यांची जन्मभराची वेळ साडेसातची. आता सून साडेसातला त्यांच्यासोबत बसते. आग्रह नाही, "अजून एक घास" नाही. भात थोडाच, पण वर तूप आणि आमटी घट्ट.

एप्रिलमध्ये आले तेव्हा वजन साडेसत्तावन्न, बेरीज 15. पट्टा एक भोक मागे सरकला होता. "दुसरं राहू दे," दारात चप्पल घालताना म्हणाले, "पुढे पावसाळा आहे. ताजा बांगडा कुठला मिळायला!"