बीए समाजशास्त्र झालंय, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) न करता बाल संरक्षणात नोकरी मिळेल का?

हो मिळते, पण सुरुवात खालच्या पदावरून करावी लागते. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बाल विकास विभागाच्या हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथली पदं केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भरतात आणि त्यात सामाजिक कार्यकर्ता या पदाला समाजशास्त्राची पदवी चालते, क्षेत्र कार्यकर्त्याला तर बारावी पुरते. शिवाय मुलांसाठीची 1098 हेल्पलाईन, बालगृहं आणि या क्षेत्रातल्या संस्थांमध्येही माणसं लागतात. काम म्हणजे घरभेटी, गृहचौकशी अहवाल (मुलाच्या घरच्या परिस्थितीचा), मुलाला घेऊन बाल कल्याण समितीपुढे जाणं, बालविवाहाची खबर आली की लगेच निघणं. अहवाल नीट लिहिणं आधी शिका, मुलाला घरी पाठवायचं की नाही हे ठरवताना समिती तोच वाचते, त्यामुळे तो घाईत लिहिलेला असला तर नुकसान मुलाचंच होतं. एक लक्षात घ्या, कक्षातली ही पदं कंत्राटी मानधनावरची असतात, कायम सरकारी नोकरी नाही, आणि पुढे वरच्या पदावर जायचं असेल तर नोकरी धरून का होईना पण एमएसडब्ल्यू कराच.