शेअरधारकांनी अधिकाऱ्यावर खटला भरला तर खर्च कंपनी देते का?

बहुतेक वेळा देते, पण दावा कोणाच्या वतीने आहे ते आधी बघा. अमेरिकेत डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यातलं कलम 145 यावर स्पष्ट आहे. शेअरधारकाने स्वतःच्या नुकसानीसाठी दावा केला आणि अधिकारी सद्भावनेने वागला असेल, तर वकिलाची फी, तडजोडीची रक्कम, भरपाई असं सगळं कंपनी देऊ शकते. शेअरधारकाने दावा कंपनीच्या वतीने केला असेल तर फक्त खर्च मिळू शकतो, भरपाई नाही. ते रास्तच आहे. अधिकाऱ्याकडून कंपनीला मिळालेला पैसा तिनेच त्याला परत द्यायचा, याला काय अर्थ? तिथे अधिकाऱ्यांसाठी काढलेला विमा कामी येतो. फीची उचल निकालाआधी मिळते, पण हक्क नाही असं ठरलं तर परत करण्याची हमी लिहून द्यावी लागते. पद स्वीकारण्याआधी करारात ‘देऊ शकते’ आहे की ‘देईल’, हे नक्की तपासा.